मारुती 800ला टर्बो बसवायचा तर: आधी उष्णता आवरा, मग बूस्ट वाढवा

"800ला टर्बो लावायचाय, कुठला घेऊ?" असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा टर्बो आधीच घेऊन ठेवलेला असतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुणीतरी हातात दिला, भाव बरा वाटला, पिशवीत घालून घरी आणला. मग तो बसवायचा कसा याची शोधाशोध सुरू. सुरुवातच उलट्या टोकाने झाली. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, हा या कामातला सोपा भाग आहे. इंजिनात हवा कोंबायला फारशी अक्कल लागत नाही. त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल वेळेवर पोचवणं, ठिणगी योग्य अंशाने मागे घेणं आणि तयार होणारी उष्णता बॉनेटखालून बाहेर काढणं, पैसा आणि वेळ खातं ते हे. मुंबईच्या मे महिन्यात तर जास्तच.

म्हणून या लेखात टर्बो बराच उशिरा येतो.

हातात काय आहे

डिसेंबर 1983मध्ये रस्त्यावर आलेल्या 800पासून पुढे वर्षानुवर्षं या गाडीत सुझुकीचं एफ8बी इंजिन होतं. 796 सीसी, तीन सिलिंडर, एकच कॅमशाफ्ट, सहा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन साधारण 8.7:1 आणि ताकद 37 बीएचपीच्या आसपास. गाडीचं वजन 650 किलोच्या घरात, त्यामुळे 10-15 बीएचपी वाढले तरी सीटवर बसल्या बसल्या कळतात.

सुझुकीने याच एफ कुळातल्या 543 सीसीच्या इंजिनावर 1987मध्ये जपानच्या अल्टो वर्क्ससाठी टर्बो बसवला आणि 64 पीएस काढले. हा आकडा वाचून अनेकांचे डोळे चमकतात. पण त्या इंजिनाचं हेड वेगळं होतं, दोन कॅमशाफ्ट आणि बारा व्हॉल्व्हचं. इंजेक्शन होतं, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर होता आणि सगळं कारखान्यातच टर्बोच्या हिशेबाने बांधलेलं होतं. आपल्या 800च्या आत तसं काही नाही. मूळ पिस्टन आणि मूळ हेड गॅस्केटवर 0.3 ते 0.4 बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) आणि 50 बीएचपीच्या आसपासची ताकद एवढंच लक्ष्य ठेवा. त्यावर जायचं तर इंजिन पूर्ण बांधावं लागेल, आणि तो वेगळा खर्च आहे.

जाता जाता एक सांगतो. नुसता पिकअप हवा असेल, टर्बोचीच हौस नसेल, तर अल्टोचं बारा व्हॉल्व्हचं 796 सीसी इंजिन मुळातच 46 बीएचपीच्या आसपास देतं. कुठलंही वेल्डिंग न करता नऊ घोडे मिळतात. इंजिन बदलाची परवानगी आणि आरसी बुकातली नोंद मात्र त्यालाही लागते.

कायदा, थोडक्यात

मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 सांगतं की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. 182अ कलमाखाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करायला मोकळी. म्हणून ही गाडी बंद ट्रॅकसाठी किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात तशा ड्रॅग स्पर्धांसाठी बांधायची आणि ट्रेलरवरून न्यायची, असं धरूनच पुढे लिहिलं आहे. मूळ मॅनिफोल्ड (हेडला लागणाऱ्या नळ्यांचा संच), कार्ब्युरेटर, सायलेन्सर काहीही भंगारात देऊ नका. नावं लिहून माळ्यावर ठेवा.

पहिलं काम: इंजिन या लायकीचं आहे का

इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल तोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि कॉम्प्रेशन मोजा. आकडा 12 किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ऑइल खाणाऱ्या इंजिनावर टर्बो लावू नका. ज्वलनकक्षात शिरलेलं ऑइल पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणतं, आणि बूस्टखाली नॉकिंगची (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याची) सुरुवात तिथूनच होते. त्यात झिजलेल्या रिंगांतून संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) दाब उतरला की टर्बोचं ऑइल परत यायला अडतं, सील ओलांडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग सगळे टर्बोला दोष देतात.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे सगळे होज नवीनच घाला. रेडिएटर आतून साफ करून समाधान मानू नका, कोअर नवीन बसवून घ्या. वर्षानुवर्षं नळाचं पाणी प्यायलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या असतात. 37 बीएचपीला त्या कशाबशा पुरतात, 50ला नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

हवेचा हिशेब आणि टर्बोची निवड

चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा 796 सीसी हवा आत जाते. 5,500 आरपीएमला ते मिनिटाला सुमारे 2,190 लिटर झालं. प्रत्यक्षात सिलिंडर 80 टक्क्यांच्या आसपासच भरतो, म्हणजे 1,750 लिटर, वजनात दोन किलो. 0.4 बार बूस्ट दिला आणि इंटरकूलरने हवा थोडी थंड केली की हाच आकडा मिनिटाला 2.6 किलोच्या जवळ जातो. टर्बो निवडायचा तो या आकड्यावर, दुकानदाराच्या सांगण्यावर नाही.

एवढ्या कमी हवेला फार छोटा टर्बो लागतो. जपानच्या 550 आणि 660 सीसीच्या सुझुकींवर येणारा आयएचआयचा आरएचबी31 मापाला चपखल बसतो, पण आपल्याकडे चांगला नग क्वचितच मिळतो. सहज मिळतो तो बोर्गवॉर्नरचा केपी35. 1.3 लिटर मल्टिजेट डिझेलच्या 75 पीएसवाल्या अवतारावर तो येत असे, त्यामुळे भंगार बाजारात त्याला तोटा नाही. आजच्या 1.0-1.2 लिटर पेट्रोल गाड्यांचे टर्बोही दिसतात, पण ते 100 बीएचपीच्या हिशेबाचे. 800वर ते उशिरा जागे होतात, आणि वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) इलेक्ट्रॉनिक असेल तर तो चालवण्याची वेगळीच कटकट.

केपी35 घेताना त्याची मर्यादा ओळखून घ्या. तो डिझेलचा आहे. डिझेलच्या एक्झॉस्टपेक्षा पेट्रोलचा एक्झॉस्ट बराच तापतो, पूर्ण लोडवर 900 अंशांच्या वर सहज जातो. शिवाय याला पाण्याची लाइन नाही, थंडावा फक्त ऑइलचा. म्हणून बूस्टखाली मिश्रण जरा श्रीमंतच (पेट्रोल जास्त) ठेवायचं, आणि इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडलवर सोडायचं. ही शिस्त पाळणार नसाल तर पाण्याची लाइन असलेला टर्बो शोधा, पैसे जास्त गेले तरी चालतील.

जुना नग हातात घेतला की एअर फिल्टरच्या बाजूने बोट घालून शाफ्ट धरा. वर-खाली आणि आजूबाजूला किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, ऑइलच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये तेवढा प्ले असतोच. पण आत-बाहेर हलला, अगदी नखभर जाणवला तरी, परत ठेवा. मग शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवा, पाती घरावर घासतात का पाहा. मोबाइलचा टॉर्च आत मारून पात्यांच्या कडा बघा. कडा कुरतडलेल्या असतील तर त्या टर्बोने कधीतरी धूळ नाहीतर नटबोल्ट गिळलेला आहे. टर्बाइनच्या बाजूला वेस्टगेटच्या भोकापाशी केसासारख्या बारीक भेगा बहुतेक जुन्या नगांत असतात. भेग नळीच्या भिंतीपार गेली असेल तर नको. दुकानदार "चालू माल है भाई, गाडी से अभी निकाला" म्हणणारच. हसून शाफ्ट पुन्हा एकदा ओढून बघायचा.

मॅनिफोल्ड

पाइप सीमलेस माइल्ड स्टीलचा, भिंत किमान तीन मिलिमीटर. फ्लॅन्ज 10 ते 12 मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे. पाइप आणि प्लेट कुंभारवाड्यात मिळतील, स्टड, तांब्याचे लॉकनट आणि क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटला. दिसायला स्टेनलेस छान, पण पातळ स्टेनलेसवर टर्बोचं वजन लटकवलं की वेल्डजवळ तडकतं. आकार सरळ ठेवा. तिन्ही पोर्ट शक्य तितक्या कमी वळणांत एकत्र आणायचे, सारख्या लांबीच्या नागमोडी नळ्यांचा सोस इथे काही देत नाही.

आधी पुठ्ठ्याचा आणि तारेचा साचा करा, बॉनेट बंद करून बघा, मगच पाइप कापा. टर्बो हेडखाली कितीही गेला तरी ऑइल परत येण्याचं तोंड संपच्या ऑइल पातळीच्या वरच राहिलं पाहिजे. जागेची ही एकच अट अशी आहे जिच्यात तडजोड होत नाही. वेल्डिंग टिगने, आणि वेल्डिंगच्या वेळी फ्लॅन्ज जुन्या हेडवर किंवा जाड प्लेटवर बोल्टने आवळलेले हवेत, नाहीतर तापून वाकतात. काम झाल्यावर फ्लॅन्जचा चेहरा मिलिंगवर सपाट करून घ्या. गॅस्केट जाड घालून भागवू म्हणणारा फॅब्रिकेटर बदला.

मॅनिफोल्डजवळून जाणारी प्रत्येक वायर, ब्रेकची नळी आणि पेट्रोलची लाइन हलवा किंवा पत्र्याच्या आडोशामागे घ्या. नुसती उष्णतारोधक पट्टी गुंडाळून माइल्ड स्टील झाकलं तर दमट हवेत आतून गंज धरतो. मला पत्रा बरा वाटतो.

ऑइल: इथे घाई केली की सगळं जातं

ऑइल घ्यायचं प्रेशर स्विचच्या जागेवरून. तिथे टी बसवा, एका तोंडाला स्विच परत लावा, दुसऱ्यातून स्टीलची जाळी असलेली होज टर्बोकडे. जपानी इंजिनांवर इथला आटा टेपर असतो. भलता आटा जोरात आवळला की ब्लॉकचाच आटा जातो, म्हणून जुना स्विच खिशात घालून दुकानात जा.

परतीची लाइन मात्र खरी परीक्षा घेते. टर्बोतून ऑइल दाबाने नाही, स्वतःच्या वजनाने खाली येतं, आणि येताना त्यात फेस असतो. म्हणून नळी आतून किमान 16 मिलिमीटर, सतत उताराची, मध्ये कुठेही पोट नाही. संप काढून, घासून, ऑइल पातळीच्या वरच्या भागात भोक पाडून बंग (नळी जोडायचं तोंड) वेल्ड करायचा, आणि वेल्डिंगनंतर आतून केरोसीनने धुऊन एकही छर्रा राहिला नाही याची खात्री करायची. संप न काढताच भोक पाडून, ग्रीस लावून बुरादा पकडणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताला माझा नमस्कार, पण स्वतःच्या गाडीवर मी ते करू देणार नाही.

20डब्ल्यू-40 खनिज ऑइल जुन्या 800ला चालून जायचं. टर्बोला 10डब्ल्यू-40 किंवा 15डब्ल्यू-50 सिंथेटिक.

इंटरकूलर

0.4 बारला इंटरकूलर लागतो का, यावर वाद होतात. हिशेब मांडू. 65 टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर 30 अंशांची हवा एवढी दाबताना सुमारे 47 अंशांनी तापवतो. म्हणजे 77. पण मे महिन्याच्या दुपारी, स्पर्धेच्या रांगेत बॉनेट बंद करून उभ्या असलेल्या गाडीत फिल्टरपाशीच 50 अंश असतात. मग इंजिनात जाणारी हवा 100ला टेकते आणि नॉकिंग दारात उभं राहतं. तेव्हा वाद मिटवा आणि छोटा इंटरकूलर बंपरमागे, रेडिएटरच्या समोर पण त्याला पूर्ण न झाकता लावा. फार मोठा घेऊ नका, हवा भरायला वेळ लागतो आणि रेडिएटरची वाट अडते. त्याबरोबर फिल्टरला हेडलाइटमागून बाहेरची थंड हवा द्या. या एका नळीने जेवढा फायदा होतो तेवढा महागड्या फिल्टरने होत नाही.

पाइप 38 ते 45 मिलिमीटर, टोकांना कड उठवलेली, सिलिकॉनचे जोड. कड नसेल तर होज बूस्टखाली निसटतो, आणि तो नेमका पूर्ण रेसवर निसटतो.

दोन छोट्या गोष्टी लोक हमखास विसरतात. इनटेक मॅनिफोल्डला आता दाबही येणार, त्यामुळे ब्रेक बूस्टरच्या लाइनमधला वनवे व्हॉल्व्ह तपासा आणि पीसीव्हीच्या (संपमधली वाफ इनटेककडे नेणाऱ्या) लाइनमध्ये नवा घाला. नाहीतर बूस्ट थेट संपमध्ये शिरेल आणि डिपस्टिक उडून बाहेर येईल.

पेट्रोल आणि ठिणगी

कार्ब्युरेटरमधून टर्बो फुंकता येतो, जुन्या काळी कारखान्यांनीही केलं आहे. पण कार्ब्युरेटर हवाबंद करायचा, फ्लोटला बूस्टचा दाब द्यायचा, पेट्रोलचा दाब बूस्टच्या वर ठेवायचा, आणि एवढं करून मिश्रण नेमकं काय चाललंय हे अंदाजानेच. आजच्या घडीला मी हे सुचवणार नाही. एमपीएफआयची (इंजेक्शनवाली) 800 घ्या, किंवा तिचं इनटेक मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी कार्ब्युरेटरच्या गाडीवर चढवा.

मूळ ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) बूस्ट म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याचा मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो. स्वतंत्र ईसीयू हवा. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट तीन सिलिंडरांना पुरतात. क्रॅंक पुलीवर 36-1 दातांचं (36पैकी एक दात नसलेलं) चक्र, 2.5 बारचा मॅप सेन्सर, हवेच्या आणि पाण्याच्या तापमानाचे सेन्सर. हवेचा सेन्सर इंटरकूलरनंतर लावायचा, आधी नाही. ईसीयू केबिनमध्ये ठेवा आणि कनेक्टर रबर सील असलेलेच घ्या. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघडे जोड एका पावसाळ्यात हिरवे पडतात आणि मग गाडी कुठेही मिस मारते.

इंजेक्टरचा हिशेब: 55 बीएचपीला तासाला सुमारे 15 किलो पेट्रोल लागतं. तिघांत वाटून, इंजेक्टर 80 टक्क्यांवर चालवायचा धरला, तर प्रत्येकी मिनिटाला 145 सीसी होतं. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला हेच 155 ते 160. म्हणून 180 ते 220 सीसीचे घ्या. पंपाला एकूण तासाला 25 लिटरही पुरवायचे नाहीत, कुठल्याही चालू एमपीएफआय गाडीचा पंप चालेल. रेसिंगचा भला मोठा पंप फक्त टाकीतलं पेट्रोल तापवत बसतो. रेग्युलेटर 3 बारचा, बूस्टची नळी जोडलेला, म्हणजे 0.4 बूस्टला इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलमध्ये 3.4 मिळतात.

इथेनॉलचा मुद्दा जुन्या गाडीत फक्त मायलेजचा नाही. 1990च्या दशकातल्या रबराच्या नळ्या ई20मध्ये मऊ पडतात, फुगतात, तडकतात, आणि आता शेजारी लालभडक टर्बो आहे. टाकीपासून रेलपर्यंत प्रत्येक इंच होज बदला, जे30 आर9 दर्जाची, इंजेक्शनच्या दाबाची. साध्या कार्ब्युरेटरच्या होजवर काम भागवू नका. याची चांगली बाजू म्हणजे इथेनॉल नॉकिंगला आवर घालतं.

प्लग एक पायरी थंड, म्हणजे एनजीकेमध्ये 6 असेल तर 7. गॅप 0.6 ते 0.7 मिलिमीटर. मूळ गॅप ठेवला तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि लोक पेट्रोल कमी पडतंय समजून तासन्‌तास ईसीयूतला पेट्रोलचा मॅप (आकड्यांचा तक्ता) बदलत बसतात.

पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

टर्बोच्या ऑइलच्या तोंडात सिरिंजने ऑइल भरा. इंजेक्टर आणि कॉइल तोडून सेल्फ मारत राहा, परतीच्या नळीतून ऑइल पडताना दिसलं पाहिजे. मगच गाडी चालू करा. पहिली दहा मिनिटं रेस न देता, हातात टॉर्च आणि जवळ अग्निशामक घेऊन, गळती शोधत.

एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर टर्बोनंतर अर्धा मीटर तरी पुढे, तोंड किंचित खाली. मीटर लॅम्ब्डात लावा (1.0 म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली श्रीमंत). ई20चं आदर्श प्रमाण 14.7 नाही, 13.5च्या आसपास येतं, त्यामुळे जुन्या आकड्यांनी फसगत होते. लॅम्ब्डा एकच भाषा बोलतो. साध्या चालीला 1.0, बूस्टखाली 0.80 ते 0.85. प्रज्वलन बूस्टच्या प्रत्येक 0.07 बारमागे सुमारे एक अंश मागे, म्हणजे 0.4 बारला पाच-सहा अंश. सुरुवात आठ अंश मागे ठेवून करा आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) हळूहळू पुढे या. ताकद वाढायची थांबली की तुम्हीही थांबा. ईसीयूमध्ये 0.55 बारला पेट्रोल तोडण्याची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. वेस्टगेटची नळी फाटते, निसटते, वितळते, तेव्हा हीच मर्यादा पिस्टन वाचवते.

प्रत्येक पूर्ण रननंतर, टर्बोला आयडलवर थंडावा देऊन मगच इंजिन बंद करून प्लग काढून बघा, तिन्ही. पांढऱ्या इन्सुलेटरवर मिरीएवढेही नाहीत असे काळे किंवा चंदेरी ठिपके भिंगाखाली दिसले तर ते नॉकिंग. चंदेरी म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम उडायला लागलंय. कानाला काही ऐकू आलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

ब्रेकबद्दल थोडक्यात: पुढच्या डिस्कला नवे चांगले पॅड, मागचे ड्रम टर्न करून, सगळ्या नळ्या आणि ऑइल नवीन, आणि 145/70 आर12चे ताजे टायर. हे टर्बोच्या आधी. क्लच प्लेट नवी घाला. गिअरबॉक्स या ताकदीला टिकतो, फक्त पहिल्या गिअरमध्ये क्लच आपटून सोडू नका.

पहिल्या काही रननंतर, इंजिन गार असताना मॅनिफोल्ड आणि टर्बोचे सगळे नट पुन्हा आवळा, ते सैल झालेले असतातच. पहिलं ऑइल 500 किलोमीटरच्या आत काढा. फिल्टर कापा, आतला कागद पिळून पांढऱ्या फडक्यावर पसरा. पिवळसर किंवा तांबूस चमक दिसली तर बेअरिंग बोलतंय. संप खोलल्याशिवाय पुढचा रन नाही.